या आपण

साहेब कसा तयार होतो ते मला विचारा रं. एक मी स्वतः घडवलाय.

उंब्रजचा संपत आणि मी विद्यापीठात एकाच विभागात शिकवतो. जूनपासून विभागप्रमुख तूच, असं कुलगुरूंनी त्याला सांगितलं आणि गडी घाबरला. माधवनगरला माझ्या घरी येऊन म्हणाला, "मला कुणाला नाही म्हणता येत न्हाई रं."

म्हटलं, "तालीम करू. मी रजा मागतो, तू नाही म्हण."

मी त्याच्यापुढं उभा राहिलो. "सर, नागपंचमीला शिराळ्याला गावी जायचंय. रजा पाहिजे होती."

"जा की गड्या! वहिनींनाबी ने."

"अशानं विभाग चालंल व्हय? आधी ते 'गड्या' सोड. 'आपण' म्हण. आणि बोलताना मान वर करायची न्हाई."

संध्याकाळपर्यंत घोटून घेतलं. शेवटी हातातल्या पेपरवरची नजर न हलवता तो म्हणाला, "विभागाची कामं पडलीत. रजेचं नंतर बघू. या आपण." मी टाळ्या वाजवल्या. बायकोनं खुशीत भजी तळली.

नागपंचमी जवळ आली तसा मी खरंच रजा मागायला त्याच्या केबिनमध्ये गेलो. त्यानं मान वर केली नाही. तेच बोलला, शब्द न् शब्द. मला वाटलं, गंमत करतोय. हसून मी टाळीसाठी हात पुढं केला. हात तसाच हवेत राहिला.

रजेचं जाऊ द्या. नागपंचमी पुढल्या साली परत येईल. मला 'गड्या' म्हणणारं मात्र विभागात आता कुणी राहिलं न्हाई.