वाडीच्या भिंतीवर रोवलेल्या काचांबाबत

जबाब देणार: सौ. उन्नती सुमेध राऊत, वय ४३ वर्षे, व्यवसाय नोकरी (विमा कार्यालयात लिपिक), रा. विरार पश्चिम, माहेर सांडोर, वसई.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, माझे वडील काशीराम म्हात्रे गेल्या महिन्यात वारले. सांडोरच्या घरात माझा भाऊ भूपेश व त्याची पत्नी रोशनी राहतात.

वडिलांना शोभेच्या काचेच्या वस्तूंचा शौक होता. फुलदाण्या, अत्तरदाण्या, पक्षी, मासे. जवळच्या पापडी गावात कोणाचे जुने घर पाडायला काढले की अशा वस्तू घ्यायला ते आधी तिथे जात. दर रविवारी ते वस्तू स्वतः धूत व पुसायला फक्त माझ्याकडे देत. आजारपणात त्यांनी भाऊ, वहिनी व आत्या आशालता यांच्यासमोर सांगितले, "घर आणि वाडी भूपेशची. काचा उन्नतीच्या." मी हो म्हटले. वाडीतील माझ्या हिश्श्याचे हक्कसोडपत्र सही करून देण्याचेही कबूल केले.

तेराव्याआधी मयताची वस्तू घराबाहेर नेऊ नये, असे आत्या म्हणाल्या, म्हणून मी काही नेले नाही. नंतरच्या रविवारी टेम्पो, खोके व जुन्या गोधड्या घेऊन गेले. वस्तूंच्या कपाटात वहिनीचा डिनर सेट होता. विचारले असता भूपेश हसून म्हणाला, "काचाच दिल्या ना तुला बाबांनी? मागे कुंपणावर आहेत. काढून ने."

मागे वाडीच्या नव्या भिंतीवर, चोर चढू नये म्हणून लावतात तशा, सिमेंटमध्ये काचा रोवल्या होत्या. त्यात वडिलांच्या निळ्या काचेच्या बगळ्याची मान होती. ती मी ओढून काढायला गेले, तेव्हा तळहात कापला. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

गवंडी रमेश तिथेच होते. ते म्हणाले, "ताई, मी रिकाम्या बाटल्या मागितल्या होत्या. भूपेशशेठनी या वस्तू गोणीत भरून स्वतः कुटून दिल्या."

मी भूपेशला कारण विचारले. तो म्हणाला, "मला कधी हात लावू दिला का त्यांनी?" वहिनी म्हणाली, "धूळच तर खात होत्या."

या जबाबात प्रथम 'भंगार काच' असे लिहिले गेले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'शोभेच्या वस्तू' असे केले आहे.

हा घरगुती वाद आहे, आपसात मिटवा, असे मला सुचवण्यात आले. भूपेश ठाण्याबाहेर उभा आहे. हक्कसोडपत्र त्याने सोबत आणले आहे. मी आत येताना तो मला म्हणाला, "तेवढी सही कर ना ताई, तुला नवीन शोकेस भरून देतो."

मी सही करणार नाही. वाडीत माझा हिस्सा आहे. ती भिंत ज्या जागेवर बांधली, त्या जागेतही आहे. भिंतीचा पंचनामा व्हावा व तोपर्यंत ती कोणी पाडू नये.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला. मी बोलले तेच त्यात आहे. त्यातला एकही शब्द मला मागे घ्यायचा नाही.