लय सज्जन माणूस हाय!

...न् मी म्हणते, देवानं तोंड चहा प्यायले बी देल्लं ना? मंग थे बोलायलेच काहून उघडाव लागते? माह्या नवऱ्याचं सांगून राहिली जी! नाव मी घेत नाही, टपरीवरच लिहून हाय, 'केवळराम टी स्टॉल, अड्याळ बसस्टँड'. आता बसस्टँडची टपरी म्हटल्यावर पोरीवाले पाहुणे पोराच्या घरी जायच्या आधी इथंच उतरतेत, चहा सांगतेत, न् हळूच इचारतेत, "अमक्याचा पोरगा कसा हाय जी?" न् आमच्या यांच्या एका शब्दावर बाप्पा, लगनं जुळतेत नाही तं मोडतेत!

भोजराज भाऊजी म्हणजे यांचा लहानपणचा दोस्त. रोज सकाळी आमच्याच बाकड्यावर. त्याईचा कमलेश तुमसरले राईस मिलवर हाय, पोरगा चांगला. त्याच्यासाठी लाखांदूरचे पाहुणे आले, इचारलं, न् हे छाती फुगवून काय म्हणतेत? "लय सज्जन हाय जी! कोणाले उलटून बोलत नाही, मान वर करून पायत नाही!" पाहुण्याचं तोंड असं उतरलं! म्हणे, "म्हणजे मालक दाबून काम करून घेत असन... भाऊ वावर लाटतीन तरी गप्प बसन..." तेवढ्यात पोरीचा फोन. एवढ्या मोठ्यानं, की मले चुलीपाशी ऐकू आलं! "बाबा, सज्जन हाय म्हणतेत? मंग निघा तिथून!" न् गेले ना त्याच बसनं! आता सांगा जी, सज्जन म्हणाव तं कोणाले?

अन् माह्या वक्ती काय झालं होतं? माह्या बाबानं यांची चौकशी केली, अशाच एका बाकड्यावर. एक बुढा म्हणे, "पोरगा लय सज्जन." बस! बाबानं दुसरं काही इचारलंच नाही. मायनं गूळ वाटला! न् काय भेटलं मले? दीर दरवर्षी धुरा, म्हणजे बांध, आमच्या वावरात सरकवते, हे म्हणतेत "जाऊ दे ना, मातीच तं हाय." बसमधी आपली जागा दुसऱ्याले देतेत न् पवनीवरून उभे येतेत. बरं, नुसते शिव्या द्याव असं बी नाही! मी तापानं पडली होती तवा याच माणसानं साऱ्या बायांसमोर हापशीवरून पाणी भरलं. बाया खिदळून राहिल्या, हे कळशी भरून राहिले. ...मंग डोळ्यात पाणी येते ना जी. आता याले सज्जन म्हणाव का काय म्हणाव, तुमीच सांगा!

तं मी यांले समजावलं, म्हटलं जमाना बदलला, पोरगा जरा तेज हाय असं सांगत जा. दुसरे पाहुणे आले. हे बायकोचं ऐकणारे, पक्के सज्जन! म्हणतेत काय? "कमलेश? लय चालू पोरगा हाय जी! बापाले बी ऐकत नाही!" अव माय वं! पाहुण्यानं अर्धा चहा तसाच ठेवला.

झालं. भोजराज भाऊजी समोरच्या टपरीवर बसाले लागले. इकडं पायत बी नाही. अन् हे येडे रोज सकाळी त्याईची कपबशी धुऊन वेगळी मांडतेत! मी म्हटलं, "कायले? येत नाही ना थे." म्हणतेत, "येईन." बस, एवढंच.

आता आमच्या मेघाच्या लगनाचं निघालं. पोरगी म्हणते, "आई, मले बाबासारखाच पायजे, पण धुऱ्यावर बोलणारा." म्हटलं, माय, असा पोरगा तवा भेटला असता तं मीच नसता केला का! बरं, आले पोराकडले. उतरले न् चौकशीले कुठं गेले? समोरच्या टपरीवर! कोणाले इचारलं? भोजराजले! माह्या हातची गाळणी तशीच राहिली. आता हा माणूस सारा राग काढन, पोरीचं लगन मोडलं म्हटलं! भाऊजीनं आमच्याकडं पायलं... न् इकडं ऐकू येईन एवढ्या मोठ्यानं म्हणे, "केवळराम ना? लय सज्जन माणूस हाय!"

आता हे चांगलं झालं का वाईट? मले काही समजेच ना! पाहुणे हसले बी नाही, रडले बी नाही. "कळवतो" म्हणून बसमधी चढले. यांचे डोळे भरून आले, "पाय, राग गेला त्याचा!" मी म्हटलं, "गेला? अवो, बदला घेतला!" तं भाऊजी खरंच रस्ता ओलांडून आले, न् आपल्या जागी बसले. यांनी थेच कपबशी समोर ठेवली. मी सरळ इचारलं, "भाऊजी, सज्जन तुमी जुन्या हिशेबानं म्हटलं का नव्या?" भाऊजीनं फुंकर मारली, घोट घेतला. "वहिनी, जसा हाय तसं सांगतलं." झालं का समाधान! न् हे माह्या कानात, "म्हटलं नव्हतं? लय सज्जन माणूस हाय थो!"

मोबाईल मी कमरेले खोचून ठेवला हाय. फोन आला तं मीच उचलीन. हे उचलतीन तं 'हॅलो' म्हणायच्या आधी होणाऱ्या सोयऱ्यालेच म्हणतीन, "तुमी लय सज्जन हाव जी!"... न् थे बिचारे भिऊन फोन ठेवून देतीन!