मागच्या गल्लीतलं तळघर

कानांच्या दवाखान्यात एक म्हातारा ड्रमवाला बायकोशी कुजबुजत होता आणि ते सगळ्या बाकांना ऐकू जात होतं. आतल्या खोलीत त्याचं श्रवणयंत्र जुळवणारी तंत्रज्ञ मुलगीही ऐकत होती.

"तुमच्या बँडवर फिल्म काढणाऱ्यांना सरावाचं तळघर म्हणून भलतंच घर दाखवलंत?"

"मागच्या गल्लीतलं. तेही तितकंच ओलसर आहे."

"धन्य आहे तुमची! पण का?"

"खऱ्या घरात आमच्या गायकाची आई राहते. नव्वदीची. तो गेला, आमचा रॉक बँड लोक विसरले, ती थोडीच विसरलीय? कॅमेरे नेऊन तिच्या जखमेवरची खपली कशाला काढू?"

"अहो, सकाळी तिचाच फोन होता. तळघर झाडून घेतलंय, त्याचा माईक पुसून ठेवलाय. दोन दिवस दारात खुर्ची टाकून बसलीये. म्हणाली, फिल्मवाले मागच्या गल्लीतून परत का गेले?"

त्याने खिशातून फोन काढला.

"मी सांगू तिला काहीतरी?"

"नको, मीच बोलतो. पण तिचा आवाज बारीक. मला ऐकूच येत नाही."

मुलगी दारात आली.

"काका, या. यंत्र तयार आहे."

"फोनवरचं ऐकू येईल का गं?"

"येईल. फोन घेऊनच आत या."