घ्यायला पाच, द्यायला मी एकटा

...मग चूक माझी का, तुम्हीच सांगा. पेणच्या आमच्या क्लासात सहा कॉम्प्युटर, गुणाजी सरांनी वायर टाकून एकमेकांना जोडलेले, याच्या फायली त्याने घ्यायच्या, त्याच्या याने, कुणी मोठा नाही, कुणी छोटा नाही. मला वाटलं, आमच्या जिते गावची भातलावणीच आली इथे, आज सगळे तुझ्या शेतात, उद्या सगळे माझ्या, अगदी सावड! मी नोट्स, प्रोग्रॅम, सगळं उघडं ठेवलं आणि बाकीच्यांनी आपापली दारं लावून घेतली. घ्यायला पाच, द्यायला मी एकटा.

सगळे एकदम माझ्यावरच तुटून पडायचे, आणि माझा कॉम्प्युटर असा रांगायचा की एक अक्षर टाइप करावं आणि चहा पिऊन यावं. शेजारच्या साहिलला म्हटलं, बाबा, तुझंही ठेव की काही. तर मान न वळवता, "माझ्याकडं काय हाय? सगळं तुझंच तर हाय." प्रणित डोलवीच्या कारखान्यात शिफ्ट करून यायचा, तो म्हणे, "मी दमतो रे. तू कॉलेजवाला, तू दे."

मग मी नियम केला. तीन दिवस खपून प्रोग्रॅम लिहिला, सहाही ठिकाणी बसवला: जो जास्त फायली देईल त्याचा नंबर आधी, जो काहीच देणार नाही तो सगळ्यात शेवटी. सावडीला आला नाहीस तर तुझ्या शेतात कोण येणार? बरोबर ना? दुसऱ्या दिवशी साहिल पहिला. चाळीस फायली. उघडून बघतो तर... रजेचा एकच अर्ज, चाळीस नावांनी! शेतात चाळीस बुजगावणी उभी केली तर त्यांना कुणी माणसं म्हणतं का? माझ्या प्रोग्रॅमने म्हटलं. म्हणजे पुन्हा घ्यायला पाच, द्यायला मी एकटा.

आणि शुक्रवारी लाइट गेली, आली, परत गेली, आणि माझी हार्डडिस्क गेली ती आलीच नाही. शनिवारी सकाळी परीक्षा, आणि माझं प्रोजेक्ट, पेण-रोहा एसटीचं वेळापत्रक, सहा महिन्यांचं काम, त्या डिस्कमध्ये. पण मी घाबरलो नाही. पाचही जणांनी 'जरा बघायला' म्हणून नेलेलं होतं की. त्याच दुपारी सरांनी कोरी डिस्क बसवली, मी माझंच प्रोजेक्ट मागितलं, आणि पडद्यावर माझ्याच प्रोग्रॅमने, मीच लिहिलेल्या शब्दांत मला सांगितलं, 'आपण काहीही दिलेले नाही. रांगेत थांबा.'

परीक्षेसाठी पाचही जणांची ओढाओढ चाललेली, माझा नंबर येतोय कुठला? पाचांतल्याच किमयाला म्हटलं, अगं, फ्लॉपीवर तरी दे. ती म्हणते, "मग नियम कशाला केलास? काढून टाक घटकाभर." कसा काढणार? स्वतःवर आलं तेव्हा मोडला, असं म्हणायला मोकळे सगळे. तत्त्व म्हणून काही असतं की नाही? तासभर तत्त्वाने बसून राहिलो. घ्यायला मी एकटा, द्यायला पाच, आणि एकाचाही हात पोचेना माझ्यापर्यंत.

सहा वाजत आले, सर शटर ओढायला उठले. मग... करता काय? 'महोदय, मला एक दिवसाची रजा मिळावी.' लिहिला अर्ज, आणि ठेवला एकेचाळीस नावांनी.

एकेचाळीस का? साहिलचे चाळीस होते ना.