विजेचे वाटे

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, तलावावर आणि आम्हा सर्वांवर वडीलकीची नजर ठेवणारे आदरणीय बापूजी. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात उभं आयुष्य नोकरी करून, निवृत्तीनंतर आमच्यासारख्यांना वीज शिकवायला आलेले प्रमुख पाहुणे सुरेंद्रभाऊ. आजची सत्कारमूर्ती नूतन. आणि पंख्याखालची जागा धरायची म्हणून आज चक्क वेळेवर आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो! मी गोकुळा, आपल्या गाव वीज संस्थेची अध्यक्ष. सर्वांना नमस्कार आणि जय भीम.

शाल-श्रीफळ देऊन झालं, फोटोही निघाले. आता खरं बोलते. नूतनला ऊर्जानगरच्या केंद्रात तंत्रज्ञाची नोकरी लागली, नवऱ्याला, आपल्या पवनला घेऊन ती चालली. पण तिला अर्ज भरायला कोणी लावला? शोधायला लांब जायला नको, चोर व्यासपीठावरच बसला आहे! ज्यानं शिकवलं त्यानंच पळवलं. बसा सुरेंद्रभाऊ, उठू नका, चहा यायचा आहे अजून.

बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी थोडं सांगते. तलावाच्या पाळीखाली पडीक जागेत ज्या सोलरच्या पाट्या तुम्ही येताना पाहिल्या, त्या कोण्या कंपनीच्या नाहीत. त्यांचे मालक या सतरंजीवर बसले आहेत. आधी आमची वीज जंगलातून यायची. वादळात सागाचं झाड तारेवर पडलं, की गेली ती गेली. बाजूच्या जिल्ह्यात साऱ्या महाराष्ट्रासाठी वीज बनते आणि आम्ही इथी चिमणी पेटवून बसायचो. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आम्ही राहून पाहिला आहे.

मग आपली वीज आली आणि आम्ही काय केलं? तलावातल्या माशाचे करतो तसे तिचे घरटी वाटे केले! जाळं ओढायला जिच्या घरी माणूस नाही, त्या बाईचाही वाटा आपल्याकडे पडतो. तसाच विजेचा पाडला. आमच्या गिरजाबाईनं काही दिवस दिवेच लावले नाहीत. नंतर ती बॅटरीच्या खोलीत येऊन उभी. "माहा उरलेला वाटा द्या. पाहुणे येऊन राह्यले."

सुरेंद्रभाऊ म्हणाले, "बाई, वीज टोपलीत राहत नाई."

"मंग गेली कुठी? कोनं खाल्ली?"

हसलो सगळे. पण बाईचा प्रश्न खोटा होता का? तेव्हा नूतन नुकतीच लग्न होऊन एटापल्लीहून आली होती. तिनं सुरेंद्रभाऊंच्या मागं लागून हिशेब समजून घेतला. भर दुपारी पाट्या जोरात असतात, घरं रिकामी, आणि जास्तीची वीज वाया. ती म्हणाली, "तिचा बर्फ पाडू. बर्फ तं राह्यते ना टोपलीत!" भाऊंनी यंत्र शोधून आणलं आणि बर्फ पडायला लागला.

त्या बर्फानं काय केलं, हे मासे विकणाऱ्या बाईला विचारा. आधी व्यापारी मुद्दाम उशिरा यायचा. ऊन चढलं, मासा नरम पडला, की तो सांगेल तो भाव. आता नूतनची सासू मनकर्णाबाई त्याला तोंडावर सांगते, "परवडत नाई तं जा. मासा उद्याही ताजाच हाये." मार्कंड्याच्या जत्रेत रसवंतीवालेही आपला बर्फ नेतात. त्याचे साचे वेगळे आहेत, पाहुण्यांनी घाबरू नये.

एवढं सगळं गोड आहे, मग भैयाजी दर सभेत "द्या सोपवून जंगलातल्या मोठ्या लायनीवाल्यांले, डोक्याचा ताप जाईल" असं काऊन म्हणतात? ते काही वेडे नाहीत. बॅटऱ्या थकल्या आहेत. श्रावणात ढग बसले की पाट्या नुसत्या शोभेच्या. घरोघरी फ्रीज पाहिजे, कूलर पाहिजे. आणि सगळ्यात अवघड म्हणजे माणूस. शिकवावं, की शहरवाले नेतात. आधी दोघं गेले, आता नूतन. यंत्र चालवायला कोणी उरलं नाही, तर येत्या सभेत भैयाजी जिंकतात. मग पुन्हा साग पडेल, बर्फाचं पाणी होईल आणि भाव पुन्हा व्यापाऱ्याच्या तोंडात जाईल.

म्हणून परवा बायका माझ्या घरी आल्या. पुढं मनकर्णाबाई. म्हणाली, "बाई, भाषनात सगळ्याईसमोर तिले थांब म्हना. एवढ्या लोकात तिले नाई म्हनता येनार नाई." खरं आहे. आपल्या गावात चारचौघांत मागितलं, की समोरच्याची मान खाली जाते आणि तोच होकार धरतात.

नूतन, मान वर कर. मी थांब म्हणणार नाही.

तार जोडायला पोरगी खांबावर चढली तेव्हा टाळ्या आपणच वाजवल्या ना? मग आता पाय कशाला ओढायचे? मला रडू येऊन राह्यलं, लपवत नाही. पण राग तिचा नाही, आपला येतो. माशाचे वाटे केले, विजेचे केले. शिकायचे वाटे केले का? सगळं एकीच्या डोक्यात कोंबलं आणि आपण पंख्याखाली झोपलो!

ती सोमवारपर्यंत गावात आहे. उद्या सकाळपासून बॅटरीच्या खोलीत शिकायला कोण येणार? हात वर करा. आत्ता. घरी विचारून सांगतो, हे चालणार नाही.

अरे, खाली काय पाहून राह्यले? सतरंजीवर उत्तर लिहिलं आहे का? भैयाजी, तुमचा हात वर दिसतो... डोकं खाजवायला होता. बरं.

मागं कोण उभं राह्यलं? मनकर्णाबाई? आता बसा हो. मी तिला थांबवणार नाही, एकदा सांगितलं ना. काय? जोरात बोला, इथवर ऐकू येत नाही.

ऐकलं का सगळ्यांनी? पुढच्यांसाठी सांगते. ती म्हणते, "थांबवाले नाई उठली, शिकाले उठली. मले वाचता येत नाई, पन हात चालतात. सासू हाये म्हनून भिऊ नोको म्हना तिले. चुकलं तं वरडाव."

आणखी कोणी? नाही? चालेल. मनकर्णाबाई, एकट्या जाऊ नका, मी येते सोबत. दोघी मिळून चुकू.

अध्यक्षांनी वेळेची घंटा हातात घेऊनही वाजवली नाही, सुरेंद्रभाऊंनी चोर म्हटलेलं हसून घेतलं, आणि तुम्ही माझी बोलणी खाल्ली, म्हणून सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर बहीण समजून पदरात घ्या.

आणि नूतन, डोळे पूस. उद्या सकाळी सासूवर ओरडायचं आहे.