पासवर्ड चंद्रावतीचा

म्हापशाहून पेडण्याला निघालेल्या बसमध्ये कमलाक्षीच्या मागच्या सीटवर एक भाऊ-बहीण बोलत होती.

"चंद्रावती, खरं सांग गो. त्या जमिनीवरचं नाव तू बदललंस?"

"नाही रे दादा. त्या दिवशी मी आईला घेऊन इस्पितळात होते."

"मग बदल करणाऱ्याचं म्हणून कॉम्प्युटर तुझं नाव कसं दाखवतो?"

"माझा पासवर्ड कचेरीत पाच जणांना ठाऊक होता. मी रजेवर असले की लोकांची कामं अडायची, म्हणून मीच सांगितला."

"त्यांतला एक तरी तसं लिहून देईल?"

"सगळे म्हणतात, आम्हाला माहीतच नव्हता."

"आणि वकील?"

"म्हणाला, पासवर्ड ज्याचा, आधी पकडणार त्यालाच."

"जमीन कुणाची गेली?"

"पार्वतीबायची. एकटी म्हातारी. रोज येऊन माझ्यासमोर बसते. भांडली असती तर बरं वाटलं असतं रे. नुसती बघत राहते."

"तिला हे सांगितलंस?"

"कुठल्या तोंडानं सांगू?"

"आजच सांगूया. मी येतो बरोबर."

कमलाक्षीनं घाईघाईनं आपल्या कचेरीत फोन लावला.

"सगुण, माझ्या नावानं चालू असलेला कॉम्प्युटर आधी बंद कर. हो, लोक रांगेत असले तरी. मी परत येते."

कोलवाळला बस पुरती थांबायच्या आधीच ती दारात उभी होती.