तहाचं हरीण

थर्मन : यंदा गव्हर्नरला हरीण न्यायचं नाही, असं मी परवाच सांगितलं होतं ना? मग शेडमध्ये हे काय टांगलंय?

इडेला : हरीणच आहे. ससा समजून तर टांगलं नाही मी.

थर्मन : मारलं कुणी?

इडेला : मी.

थर्मन : तू?

इडेला : तुम्ही घोरत होतात. ओहोटी लागली की हरणं दलदलीत उतरतात, हे तुम्हीच मला लग्नाआधी सांगितलं होतं. दुसरं काही बोलायला सुचत नव्हतं तेव्हा तुम्हाला.

थर्मन : माझी बंदूक घेऊन?

इडेला : आणि होडी. दोन गोळ्या झाडल्या. एक हरणाला लागली.

थर्मन : आणि दुसरी?

इडेला : होडी तशी जुनीच झाली होती.

कॉर्बिन : दाजी, भोक मी बुजवून देतो. आधी निघूया. लढाईमुळं पेट्रोल कुपनांवर मिळतंय, त्यांच्यासाठी अख्खी वस्ती पालथी घातलीय. रिचमंडला वाड्याच्या पायऱ्यांवर गव्हर्नर उभे राहणार, फोटोवाले येणार. तुम्ही मुखिया, तुम्हीच नाही आलात तर कसं दिसेल?

थर्मन : ताईला सोबत ने नि जा तू. माझा शब्द बदलत नाही.

इडेला : हरीण मुखियाच्या हातून जातं. बायकोच्या भावाच्या हातून नाही.

कॉर्बिन : ऐकलंत? सख्खी बहीण आहे माझी.

थर्मन : अरे, चेष्टा सुचतेय तुम्हाला. आपल्या वेल्डनला पलटणीत घेताना त्या टेबलामागच्या माणसानं काय सांगितलं, विसरलात? ‘व्हर्जिनियात इथले मूळचे इंडियन उरलेलेच नाहीत.’ पोरगा ढळढळीत समोर उभा! म्हणाला, मी इंडियन आहे, माझे वडील मुखिया आहेत. तर मान वर न करता वंशाच्या रकान्यात ‘काळा’ लिहून मोकळा झाला.

कॉर्बिन : त्या काळ्यांच्या बराकीतली पोरं मात्र त्याला सांभाळून आहेत म्हणे.

थर्मन : त्यांच्याबद्दल एक अक्षर नाही माझं. भली पोरं आहेत. रजेवर येताना एकाला घेऊन आला होता, तर त्यानं आल्या आल्या हिला लाकडं फोडून दिली. त्यांना तरी कुणी विचारून लिहिलंय? पण माझ्या पोराचे बापजादे पुसले त्या माणसानं. आणि त्याच सरकारच्या दारात मी शिकार ठेवायची? आम्ही उरलोच नाही, तर हे हरीण आणतं कोण?

इडेला : तेच त्यांना दिसू दे की.

थर्मन : इतकी वर्षं दिसत नाही होय? इंग्रज आले तेव्हा या नदीच्या दोन्ही काठांना आपलाच मका डोलत होता. त्यांना तंबाखू लावायची होती. मग लढाया, मग तह. एवढासा तुकडा तुमचा, त्याबद्दल वर्षाला शिकार आणून द्या. राजाच्या नावानं लिहिलं होतं ते. पुढं त्यांनी तो राजाच घालवला. मग आपसात लढून रिचमंड जाळलं.

इडेला : आणि त्या साली तुमचे आजोबा गेले होते की नाही?

थर्मन : गेले होते.

इडेला : कॉर्बिनला सांगा.

कॉर्बिन : मला पाठ आहे ताई.

इडेला : तू गप. सांगा हो.

थर्मन : शहरात नुसती राख. हरीण घ्यायला बाहेर कुणी येईना. आजोबा संध्याकाळपर्यंत पायरीवर बसून राहिले. शेवटी एक खानसामा आला नि हरीण आत घेऊन गेला. आजोबा म्हणायचे, आपली बाजू आपण राखली.

इडेला : मग?

थर्मन : मग काय? त्यांच्या पोराला कुणी नाही पुसलं. इडेला, वेल्डन निघाला तेव्हा ट्रकजवळ मी त्याला शब्द दिलाय. म्हटलं, यंदा तुझा बाप त्या पायऱ्यांपुढं उभा राहायचा नाही.

इडेला : तो काय म्हणाला?

थर्मन : काही नाही. हसला.

इडेला : तुमच्यापुढं हसला. मला चुलीशी येऊन म्हणाला, ‘आई, बाबांना हरीण घेऊन जायला लाव. मी बराकीत सगळ्यांना सांगतो, माझे वडील दर साली गव्हर्नरला हरीण देतात. कुणाचा विश्वास बसत नाही. यंदाचा फोटो पाठव.’

थर्मन : हे तू आज सांगतेस?

इडेला : त्याच्यासाठी रुसला होतात तुम्ही. म्हटलं, रुसू दे. बापाला दुसरं काय करता येतं?

(थर्मन उठून कोट चढवतो. कॉर्बिन बाहेर जातो. बाहेर ट्रकचं दार वाजतं. कॉर्बिन पिसांचा मुकुट घेऊन येतो.)

कॉर्बिन : दाजी, हा घालणार ना?

थर्मन : ठेव तो. ती लांब लांब पिसं पश्चिमेकडच्या जमातींची. फोटोवाल्यांना सिनेमातला इंडियन लागतो म्हणून घालत आलो. वडिलांची टर्कीच्या पिसांची टोपी आण, खुंटीवरची.

कॉर्बिन : ती? फोटोवाले म्हणतील, हा कुठला इंडियन!

थर्मन : म्हणू देत. वेल्डन ओळखेल.

इडेला : मग निघा आता. वाटेत खायला मक्याची भाकरी बांधलीय. कॉर्बिन, गाडी हळू हाक, यांची पाठ दुखते.

थर्मन : आणि तू गं?

इडेला : मी काय? बायका कधी गेल्यात तिथं?

थर्मन : बायकांनी कधी मारून आणलं होतं? चल. मागचे पाय मी धरतो, पुढचे तू धर. पोराला फोटोत आई दिसू दे.

इडेला : माझ्याच्यानं नाही व्हायचं. एवढ्या लोकांपुढं हरीण हातून सुटायचं माझ्या.

थर्मन : वजन मी घेतो. तू नुसता हात लाव.